विषय: मे महिन्यात सायकल: डोंगर नकोत, ट्रक नकोत

प्रेषक: चिऊ, नांतेर

फ्रान्समधल्या सर्वांना नमस्कार,
असेन्शनच्या (येशूच्या स्वर्गारोहणाच्या) गुरुवारच्या सुट्टीला शुक्रवार जोडला की चार दिवस सलग मिळतायत. आम्ही दोघं, अकरा वर्षांचे चिरंजीव आणि पुण्याहून आलेले सासरे, असे चौघं सायकलवर निघायचं म्हणतोय. सासरे सत्तरीचे, पण जन्म सायकलवर गेलेला, त्यामुळे दमाची काळजी त्यांची नाही, माझी आहे. दिवसाला तीसेक किलोमीटर पुरे. जो तो लुआर नदीच्या काठाचा मार्ग सुचवतोय. तिथे सुट्टीत फार गर्दी होते का? आणि शाकाहाराचं काय करायचं? कोणी केलं असेल तर जरा सविस्तर लिहा.

प्रेषक: आप्पा, तूर

चिऊ,
लुआरचा मार्ग वाईट नाही. नव्हेर शहरापासून समुद्रापर्यंत सुमारे ९०० किलोमीटर, पाट्या चोख, चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. पण जोडसुट्टीत राजवाड्यांच्या पट्ट्यात सायकलींचीच रांग लागते. शिवाय बराच रस्ता पूर अडवायच्या बांधावरून जातो, आणि पश्चिमेकडे निघालात की वारा बहुधा तोंडावर. लुआर एका सकाळपुरती ठेव आणि आंद्र नदीच्या खोऱ्यात शीर.

त्याआधी मिशलँ कंपनीचा कागदी नकाशा घे. लाल रस्त्यावर जायचं नाही, पिवळ्यावर नाइलाज असेल तरच, पांढऱ्या रेघा आपल्या. या देशात जवळपास ३५ हजार कम्यून (गावपालिका) आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाला आपले छोटे रस्ते सांभाळावे लागतात. खेड्यातली माणसं शहरात गेली, लांबची वाहतूक मोटारवेवर गेली, डांबर मात्र मागे राहिलं. म्हणून दोन शेतांमधून जाणाऱ्या, एका गाडीपुरत्या गुळगुळीत रस्त्यावर कधीकधी तासभर कोणी भेटत नाही. फोनवरचं अ‍ॅप मात्र 'जवळचा रस्ता' म्हणून नांगरलेल्या रानात नेऊन सोडतं, त्याच्या नादी लागू नकोस.

पहिला दिवस: तूरहून शेर नदीच्या काठाने साव्होन्येर आणि पुढे व्हिलांद्री. तिथली बाग बघाच, कोबी-बीटचे वाफे रांगोळी काढावी तसे आखलेत, सासऱ्यांना हलवणं अवघड जाईल. मग पठारावर थोडा चढ, आणि पलीकडे उतरलं की अझे-ल-रिदो. मुक्काम तिथे.

दुसरा दिवस सगळ्यात गोड, तो घाईत उरकू नका. अझेहून आंद्रच्या काठाने साशे, पोँ-द-र्‍युआँ, आर्तान, मोंबाझों. नदी म्हणजे आपल्या ओढ्याहून थोडी मोठी, पण पाणी वर्षभर. मधे मधे फाटे फुटतात, पाणचक्क्या लागतात, काठाला पॉप्लरच्या ओळी. दोन्ही काठांनी रस्ता आहे. एकीकडे गाड्या लागल्या तर पूल ओलांडून दुसरीकडे जायचं. साशेच्या चौकात आलेक्झांडर कॉल्डरचं वाऱ्यावर फिरणारं लोखंडी शिल्प उभं आहे, हा अमेरिकन शिल्पकार तिथेच राहायचा. मुलाला ते फिरताना बघू दे, तेवढ्यात तुम्ही कॉफी प्या.

तिसरा दिवस लांब, चाळिशीच्या आसपास. मोंबाझोंहून कॉर्मरी (बदामाचे, मधे भोक असलेले माकारों, म्हणजे एक प्रकारची बिस्किटं, घ्या, पॅरिसच्या रंगीत माकारोंशी त्यांचा काही संबंध नाही), मग शेदिन्यी. या गावात भिंतीभिंतीला गुलाब आहेत आणि २०१३ पासून अख्ख्या गावालाच 'उल्लेखनीय बाग' असा सरकारी दर्जा आहे. पूर्ण बहर मेच्या अखेरीस, तुम्हाला सुरुवात सापडेल. शेवट लोशला, किल्ल्याखाली.

पाणी: बाटल्या दफनभूमीत भरायच्या. हसू नकोस, इथले सगळे सायकलवाले तेच करतात. प्रत्येक गावात, बहुधा चर्चजवळ किंवा गावाबाहेर, भिंतीने वेढलेली जागा असते. फाटक ढकललं की फुलांना पाणी घालायच्या झाऱ्या टांगलेल्या आणि शेजारी नळ. 'नों पोताब्ल' अशी पाटी असेल तर मात्र पिऊ नका.

पोट: बारा ते दोन या वेळेत जेवा. सव्वादोनला गेलात तर स्वयंपाकघर बंद. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी खेड्यात पावही मिळेलच असं नाही. शाकाहारी म्हणून गरम बकरी-चीजचं सॅलड मागवाल तर त्यात डुकराचे तुकडे हमखास येतात, आधीच 'सां लार्दों' म्हणून बजावायचं. सँत-मोर चीज याच भागातलं, लांबट, मधोमध काडी खुपसलेलं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असेल तर त्याच्याशी झकास जमतं.

प्रेषक: माई, शालों

आप्पांची वाट सुंदर, पण मूल बरोबर आहे हे ते विसरले. खेड्यात पाटी नसेल तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा इथला नियम. बोळातून ट्रॅक्टर न बघता बाहेर येतो, कारण हक्क त्याचा असतो. अकरा वर्षांचं पोर उताराच्या भरात हे सगळं लक्षात ठेवेल?

आमच्याकडे बर्गंडीत या. झिव्हरीपासून क्लुनीपर्यंत जुन्या रेल्वेमार्गाची 'व्होय व्हेर्त' (हिरवी वाट) झाली आहे, ४४ किलोमीटर, १९९७ साली उघडलेली, देशातली पहिली. मोटार नावाला नाही. रेल्वेचाच मार्ग, त्यामुळे चढ असून नसल्यासारखा. ब्यूक्सीचे द्राक्षमळे, सँ-जँगू, कॉर्मातँचा वाडा, आणि शेवटी क्लुनीचा मठ, ९१० साली स्थापलेला. फ्रेंच क्रांतीनंतर दगडासाठी फोडला, उरलाय तेवढाही मान वर करून बघावा लागतो. त्यापुढे जायचं झालं तर दीड किलोमीटरहून लांब बोगदा आहे, हिवाळ्यात वटवाघळांसाठी बंद असतो, मेमध्ये उघडा. आत गारठा असतो, स्वेटर ठेवा.

आणि बारा वर्षांखालच्या मुलाला हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे, २०१७ पासून. आजोबांना सक्ती नाही, पण घालायला लावा.

प्रेषक: आप्पा, तूर

माई, ट्रॅक्टरचं मान्य. पण व्होय व्हेर्त म्हणजे दोन्ही बाजूंना झाडी आणि समोर सरळ पट्टा. गावं बाजूने निघून जातात. पांढऱ्या रस्त्यावर गावाच्या पोटातून जाता, म्हातारी खिडकीतून 'बाँझूर' म्हणते, कुत्रं भुंकतं. पोराला पुढे सोडायचं नाही, मोठ्यांपैकी एक पुढे, एक मागे, झालं.

प्रेषक: बंड्या, मासी

वाद चालू द्या, मी गाड्यांचं सांगतो. तूरला पॅरिसच्या ऑस्तरलित्झ स्टेशनहून ऑर्लेआँमार्गे जाणारी प्रादेशिक गाडी घ्या. सायकल तशीच चढवता येते, पण हंगामात आरक्षण लागतं, आणि चार सायकली म्हणजे चार जागा. टीजीव्हीच्या (अतिवेगवान गाडीच्या) फंदात पडू नका, बऱ्याच गाड्यांत चाकं काढून पिशवीत भरत बसावं लागतं. परतीला लोशहून तूरला रेल्वे आहे, मात्र काही फेऱ्या बसच्या असतात आणि त्यात सायकलींची खात्री नाही. वेळापत्रकात नीट बघा. माईंकडे जायचं तर पॅरिस-द्यिजों-ल्यों टीईआर (प्रादेशिक गाडी) शालोंला थांबते.

ता.क. हापूसच्या पेट्यांचं यंदा कोण बघतंय?

प्रेषक: यादीचे व्यवस्थापक

बंड्या, आंब्यांसाठी नवीन विषय काढ. मागच्या वर्षी आंबे आणि ढोलपथक एकाच धाग्यात आले आणि कोणालाच काही सापडलं नाही.

प्रेषक: चिऊ, नांतेर

सगळ्यांचे आभार. घरात मतदान झालं. चिरंजीवांनी बोगद्यासाठी माईंना मत दिलं, सासऱ्यांनी कोबीच्या वाफ्यांसाठी आप्पांना. मी आप्पांकडे झुकले, कारण ऑस्तरलित्झ आम्हाला सोयीचं. दफनभूमीतलं पाणी सासऱ्यांना चालणार आहे, नवऱ्याला नाही, तो तीन बाटल्या बांधून घेणार.

माई, बोगदा सप्टेंबरमध्ये करू, तेव्हा तुमच्याकडेच उतरू. आप्पा, दोन गोष्टी: मोंबाझोंला सायकली रात्री आत ठेवू देतील अशी राहायची जागा सांगाल का? आणि ट्यूबा आत्ताच घेऊन ठेवू, की तूरमध्ये गुरुवारी सुट्टी असूनही एखादं दुकान उघडं मिळेल?