चंद्रावर परत माणूस पाठवायचा कशाला?

सड्यावरचा (राजापूर)
नारळी पौर्णिमेला नारळ सोडून जेट्टीवरून परतताना पुतण्याने चंद्राकडे बोट करून विचारलं, "काका, आत्ता तिथे कोण आहे?" कोणी नाही. डिसेंबर 1972 मध्ये अपोलो 17 ची माणसं परतली, त्यानंतर तिथल्या मातीत पाऊल उमटलेलं नाही. नासाची आर्टेमिस मोहीम त्यासाठीच चाललीय, तर आमच्या कट्ट्यावर अर्ध्यांचं म्हणणं, यंत्रं पुरेत की!

मला नाही पटत. अपोलो 17 वर हॅरिसन श्मिट होता, पेशाने भूशास्त्रज्ञ. शॉर्टी विवराच्या काठावर राखाडी धुळीत त्याला नारिंगी माती दिसली. तिथेच थांबून खणली. ते निघाले ज्वालामुखीतून उडालेले काचेचे मणी, आणि 2011 मध्ये त्याच मातीत पाण्याचा अंश सापडला. आमच्या सड्यावरची कातळशिल्पं घ्या. पिढ्यान्‌पिढ्या गुरं त्यांच्यावरून गेली. शोधली कोणी, तर डोळे उघडे ठेवून पायी हिंडणाऱ्यांनी.

खाडीकाठ (दाभोळ)
सड्यावर एसटीने जाता येतं हो. नासाच्याच महानिरीक्षकांनी 2022 मध्ये हिशेब मांडलाय: आर्टेमिसच्या पहिल्या चार उड्डाणांना प्रत्येकी 4.1 अब्ज डॉलर. आपलं चांद्रयान-3 साधारण 615 कोटींत उतरलं. त्यांच्या एका खेपेत आपली पन्नासएक यानं झाली! पाण्याचं म्हणाल, तर चंद्राच्या पृष्ठभागावरची खूण चांद्रयान-1 ने वरूनच पटवली. चीनच्या चांग-ई 6 ने 2024 मध्ये पलीकडच्या बाजूची जवळपास दोन किलो माती आणली. कोण गेलं होतं फावडं घेऊन?

सड्यावरचा
दोन किलो! अपोलोवाल्यांनी सहा खेपांत 382 किलो आणली. सोव्हिएतांच्या तीन बिनमाणशी यानांची मिळून अर्धा किलोही भरली नाही. शिवाय भरती-ओहोटीच्या ओढीने चंद्र वर्षाला 3.8 सेंटीमीटर लांब सरकतोय, हे मोजता आलं ते अंतराळवीरांनी तिथे ठेवलेल्या आरशांवर लेझर मारून.

खाडीकाठ
सड्यावरचे राव, आरसे लुनोखोद गाड्यांवरही आहेत. सोव्हिएतांच्या. त्यांत ड्रायव्हर नव्हता.

देवगडचो
माणूस गेलो काय नि यंत्र गेला काय, अमावस-पुनवेक उधाण येवचा ता येतलाच. माका इतक्याच कळता, मासळी खय गावतली ता उपग्रहाचो निरोप मोबाईलार येता आणि डिझेल वाचता. चंद्रावरच्या माणसान माका काय दिल्यान?

सड्यावरचा
देवगडचो, तुमच्या निरोपाला माझा विरोध कुठेय? तो उपग्रह आपल्याच इस्रोचा, आणि आर्टेमिसचा पैसा अमेरिकेचा. ते चंद्रावर गेले नाहीत म्हणून तुमचं डिझेल आणखी स्वस्त होणार नाही.

मास्तरीणबाई (गुहागर)
पैसा अमेरिकेचा खरा, पण 2023 मध्ये आर्टेमिस करारावर भारतानेही सही केली आणि 2040 पर्यंत आपलाही माणूस उतरवायचं ठरलंय. तेव्हा हा वाद उद्या आपल्याच अंगणात येणार.

मला खुपतं ते वेगळंच. दक्षिण ध्रुवाजवळ बर्फ शोधायला नासाने व्हायपर नावाची रोव्हर गाडी बांधली. बांधून झाली, आणि जुलै 2024 मध्ये खर्च वाढतोय म्हणून मोहीम रद्द केल्याचं जाहीर केलं! पुढे वर्षभराने पुन्हा मार्गी लावली म्हणा. पण माणसांना ध्रुवावर न्यायचं ते त्याच बर्फाच्या भरवशावर ना? मग आधी विहिरीला पाणी आहे का ते बघतात की थेट बिऱ्हाडच हलवतात? आमच्याकडे पाणाड्यालासुद्धा आधी बोलावतात (त्याचा नारळ तळहातावर उभा राहतो की नाही, हा वेगळा धागा होईल).

सड्यावरचा
व्हायपरचं मलाही लागलं, बाई. ते गणित चुकलंच. यंत्र आधी जावं, कबूल. पण ते ज्याला शोधायला सांगितलंय तेच शोधणार. नारिंगी माती शोध, असं श्मिटला कोणी सांगितलं नव्हतं.

खाडीकाठ
बरं. तोवर पुतण्याला सांगा, तिथे चांद्रयान-3 चा रोव्हर प्रज्ञान आहे. सप्टेंबर 2023 पासून झोपलाय.

सड्यावरचा
सांगितलं. म्हणतो, मग त्याला उठवायला कोण जाणार?