गाडीतील स्पीकर बदलावेत की आधी अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा?

प्रश्न : रोज कात्रज ते हिंजवडी जाताना मी शास्त्रीय गायन ऐकतो, परंतु आवाज थोडा वाढवला की डग्ग्याचा घुमारा फाटतो आणि डाव्या दाराचे प्लास्टिक खडखडते. नाना पेठेतील एका दुकानदाराने थेट सबवूफर (फक्त खर्जाच्या आवाजासाठीचा मोठा स्पीकर) सुचवला आहे. तो खरोखर आवश्यक आहे का?

उत्तर १ : सबवूफरची घाई करू नये. दाराचा पत्रा स्पीकरसोबत थरथरतो, म्हणून आधी आतून डॅम्पिंग शीट (थरथर शोषून घेणारा चिकट थर) लावून घ्यावी आणि मग पुढचे दोन साडेसहा इंची स्पीकर बदलावेत. खोक्यावरचा ठळक ‘पीक’ (क्षणभराच्या कमाल वॅटचा) आकडा केवळ शोभेचा असतो. आरएमएस वॅट, म्हणजे स्पीकर सलग पेलू शकतो ती शक्ती, तेवढे पाहावेत.

उत्तर २ : सहमत. मात्र पुढे अ‍ॅम्प्लिफायर बसवलाच, तर त्याची वायर थेट बॅटरीवरून घ्यावी आणि फ्यूज बॅटरीपासून साधारण दीड फुटाच्या आत असावा, कारण वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर आग लागू शकते. मूळ वायरिंग कापू न देता कपलरच (जोडणीचे तयार प्लग) वापरायला सांगावे.

प्रश्नकर्ता : दार उघडून पाहिले, तर एक स्क्रूच गायब होता! तरीही शीट लावून घेतो.