रेकॉर्डिंग म्हणजे गोष्ट नव्हे

सत्तरीकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, "म्हाताऱ्यांच्या गोष्टी मोबाईलवर रेकॉर्ड करा, अपलोड करा, विषय संपला." डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. आमची आजी राखणदाराची, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाची, गोष्ट सांगायची ती कुळागरातून (पोफळीच्या बागेतून) घरी येताना, काळोखात, आणि आम्ही "हं" म्हटलं नाही तर पुढे सांगायचीच नाही. धाकटा रडायला लागला की राखणदार लगेच घोंगडी पांघरून, काठी आपटत वाट दाखवायला यायचा. हे रेकॉर्डिंगात कसं येणार?

कुर्डीची नात: लिहिणारी मीच. आमचं कुर्डी गाव गोव्यातल्या साळावली धरणात गेलं. मे महिन्यात पाणी उतरलं की देवळाची जागा दिसते, तेवढंच. पुनर्वसनात वालकिणीला वाढलेल्या मुलांना कुठल्या वाटेवर नेऊन सांगू? मामाने भरलेली एक कॅसेट आहे, आजीचा आवाज तेवढाच उरलाय. तुमची वाट शाबूत आहे म्हणून तुम्हाला बोलायला सोपं.

म्हापसेकर: आज्या सगळ्यांच्या कोंकणीत सांगायच्या आणि नातू लिहितात मराठीत. 1987 ला गोव्यात राजभाषा कायदा होऊन कोंकणी राजभाषा झाली तरी हेच.

पेडणेकर: त्याच कायद्यात मराठीच्या वापराचीही तरतूद आहे, ती वाचा. आमची आजी घरात कोंकणीच, पण गोष्टीतला राजा बोलायला लागला की मराठी, दशावतार बघून बघून कानच तसा झालेला. मोलकरीण मात्र कोंकणी.

म्हापसेकर: राजाला मराठी, मोलकरणीला कोंकणी, आणि हे तुम्हाला गोड वाटतं? शाळेत कोंकणी बोललो म्हणून मला तासभर उभं केलेलं, अजून विसरलो नाही.

पेडणेकर: ते वाईटच झालं, पण मी नव्हतं उभं केलं तुम्हाला! आमच्या वाड्यावरची मराठी शाळा बंद पडली, ती पोरं काय कोंकणीत गेली? सगळी इंग्लिश मीडियमला. आता भांडत बसा.

फोंड्याची सून: पौषात आमच्या धालोत, म्हणजे बायकांच्या गाण्या-नाचात, दोन्ही भाषा मिसळलेल्या असतात, वेगळ्या काढून दाखवा. एका कार्यक्रमात आम्हाला स्टेजवर दहा मिनिटांत धालो उरका म्हणाले. सासूबाई चढल्याच नाहीत, म्हणाल्या मांड, धालोची पवित्र जागा, नाही तिथे तोंड कसं उघडू.

सत्तरीकर: हेच तर सांगतोय मी! बाकी कुर्डीचं वाचून गप्प झालो, कॅसेटबद्दल बोलणार नाही. पण "विषय संपला" नाही पटत.

कुर्डीची नात: तो शब्द चुकला, बरं. आजी आहे अजून?

सत्तरीकर: आहे, 84 ची. मोबाईल समोर धरला की बोलतच नाही.

कुर्डीची नात: मग समोर धरू नका. तिला सांगून उशाशी ठेवा, आणि तुम्ही "हं" म्हणत बसा.