सायकलचा रात्रीचा लाईट: झगझगीत हवा की नेमका?

गिरणाकाठ (जळगाव)

मे महिन्यात आपल्याकडे सायकल चालवायची तर पहाटे साडेचारला निघा, नाहीतर रात्री आठनंतर. त्यामुळे लाईट हा इथे शौक नाही, गरज आहे. पण आमच्या ग्रुपवर हा विषय निघाला की लुमेनचा लिलाव सुरू होतो. एकाने हजार म्हटलं की दुसरा दोन हजार म्हणतो. माझं मत उलटं आहे, खोडता आलं तर खोडा: पुढे साधारण ३०० लुमेनचा, वरून कापलेल्या झोताचा (म्हणजे उजेड वर न जाता रस्त्यावरच पडेल असा) लाईट पुरतो. उरलेले पैसे मागच्या लाईटवर घाला.

लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो पडतो कुठे, हे त्या आकड्यातून कळत नाही. गोल झोताची बॅटरी हॅन्डलला बांधली की निम्मा प्रकाश रस्त्याकडेच्या निंबांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. जर्मनीत सायकलच्या लाईटचं माप लुमेनमध्ये करत नाहीत, लक्समध्ये करतात, म्हणजे एखाद्या जागेवर प्रत्यक्ष किती उजेड पडतो ते मोजतात. १० मीटरवर किमान १० लक्स पडले पाहिजेत आणि ठरावीक रेषेच्या वर अगदी नाममात्र. मोटारीच्या डिप्परसारखाच हिशोब.

आता वेगाचं बघा. ताशी २० किलोमीटरने जाताना आपण सेकंदाला साडेपाच मीटर कापतो. खड्डा दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे ८ मीटर गेले. पुढे थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी ५. एकूण १३-१४ मीटर. तेवढा पट्टा नीट उजळला तर मोठ्या आकड्याची गरज काय?

शिरपूरकर

दादा, हिशोब बरोबर, पण रस्ता कागदावरचा आहे. मी मुंबई-आग्रा रोडला चालवतो. समोरून अप्पर मारत येणारी गाडी गेली की पुढचे काही क्षण डोळ्यांपुढे काळोख. तेव्हा तुमचा ३०० चा लाईट चालू आहे की बंद, तेही कळत नाही. ८०० ते १००० असेल तर निदान साईडपट्टीची कड दिसते.

आणि वेग २० च धरलात. लळिंगचा घाट उतरताना २० ने कोण उतरतं? ३० ला तुमच्याच पद्धतीने मांडा: साडेबारा मीटर नुसते विचारात, आणि थांबायला अकरा-बारा. झाले २४. तिथे तुमचे १४ मीटर कामाचे नाहीत.

शहाद्याकडे ऊसतोडणीच्या हंगामात येऊन बघा. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना लाईट ना रेडियम, उसाची टोकं बाहेर आलेली. ती टोकं डांबरावर नसतात, तुमच्या तोंडाच्या उंचीला असतात. वरून कापलेल्या झोतात ती दिसणारच नाहीत. जर्मनीत अशा ट्रॉल्या रस्त्यावर येत नसतील, म्हणून त्यांना तो नियम परवडतो.

शिवाय जोरदार लाईट दिसला की समोरचा डिप्पर देतो. त्याला मोटारसायकल वाटते. मिणमिणत्या लाईटला कोणी विचारत नाही.

केळीच्या बागेतून (सावदा)

तुम्ही दोघंही पुढचं आणि मागचं बोलताय. बाजूचं काय? बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रोडला आमच्याकडे दोन्ही अंगांना केळी. बाग थेट रस्त्याला भिडलेली, आणि मधूनच शेतातून वाट बाहेर येते. त्या वाटेने येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तुमचा पुढचा झोत दिसत नाही आणि मागचा लाल दिवाही नाही. त्याला दिसते फक्त आडवी सायकल, म्हणजे काहीच दिसत नाही. माझ्या दोन्ही चाकांच्या स्पोकला रेडियम आहे आणि टायरलाही बाजूने चमकणारी पट्टी आहे. फिरतं गोल चमकलं की सायकल आहे हे लगेच ओळखू येतं.

उसाच्या टोकांचं शिरपूरकर दादांचं म्हणणं मात्र पटलं. हॅन्डलचा लाईट खाली आणि मंद ठेवते, डोक्याला हलकी हेड टॉर्च लावते. मान वळेल तिकडे उजेड. वळणावर हॅन्डलचा लाईट सरळच बघत राहतो, डोक्याचा आधी वळतो.

गिरणाकाठ

ताई, हेड टॉर्चला माझा विरोध नाही. एकच विनंती, समोरून माणूस आला की मान खाली. पहाटे फिरायला येणारे काका-काकू हेड टॉर्चवाल्यांना काय काय बोलतात ते ऐकलंय मी.

शिरपूरकर, ३० चा हिशोब मान्य. पण २४ मीटरवर प्रकाश न्यायचा तर झोत आवळावा लागतो, नुसते लुमेन वाढवून भागत नाही. अंतर दुप्पट झालं की त्याच झोताचा उजेड चौथाई होतो. १० मीटरवर जिथे १० लक्स आहेत तिथे २० मीटरवर अडीचच. गोल पसरट झोताचे १००० लुमेन जवळच्या डांबरावर सांडतात, पायाशी पांढरंफेक होतं, बुबुळं आकसतात आणि लांबचं आणखी काळं दिसतं. डिप्पर देणाऱ्यांचं म्हणाल तर काही देतात, काही रागाने अप्पर मारतात. दुसरे जास्त.

वायरमन (धुळे)

भाऊ, इतला पैसा कसाले घालतस? घरमाच बनी जास!

तीन वॅटचा एलईडी घ्या, ॲल्युमिनियमच्या चांदणी पट्टीवर बसवलेला मिळतो. स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडून सेक्शनचा तुकडा मागा, बहुतेक फुकट देतो. त्यावर एलईडी थर्मल पेस्ट लावून पक्का करा, कारण एलईडीला मारते ती गरमी. साधी गोल लेन्स नको, लंबगोल घ्या. ती उजेड आडवा पसरवते, वर कमी जाऊ देते. गिरणाकाठ भाऊंचा कापलेला झोत नाही, पण निम्म्या रस्त्यावर आलोच. करंट बांधून द्यायला ७१३५ नंबरची चिप येते, एक चिप ३५० मिलिॲम्पिअर देते, दोन लावा. १८६५० चा (हा लिथियम सेलचा एक आकार) एक चांगला २६०० मिलिॲम्पिअर-तासांचा सेल घातला तर साडेतीन तास चालतो. चार्जिंगला टीपी४०५६ चं मोड्यूल. तेही प्रोटेक्शनवालं घ्या, साधं नको.

सोल्डरिंग येत नसेल तर कुठल्याही मोबाईल रिपेअरवाल्याला चहा पाजा.

एक जण फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी कॅरिअरला बांधून मोटारसायकलचा फॉग लाईट लावून फिरतो. उजेड जबरदस्त. पण दोन-अडीच किलो शिसं घेऊन फिरायचं तर मग सायकल कशाला, लुनाच घ्या.

दीपनगर

वायरमन भाऊंचं डिझाईन चांगलं आहे. सेल आणि चार्जिंग या दोन गोष्टींवर मात्र मी भांडणार.

बाजारात १८६५० चे सेल ९९०० मिलिॲम्पिअर-तास लिहून विकतात. या आकाराच्या चांगल्या सेलमध्येही साधारण ३५०० च्या आसपासच मिळतात. सोनाराच्या नाहीतर किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करा. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, नकली पुष्कळदा बराच हलका. जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या सेलचं वजन बरोबर भरेल, पण तो आतून किती थकलाय हे काटा सांगत नाही.

दुसरं, आपलं हवामान. लिथियमचा सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या खोलीत किंवा खिडकीत उन्हात चार्जिंगला लावलात तर तुम्ही त्या मर्यादेवर उभेच आहात. वर टीपी४०५६ स्वतः तापतं. त्याला तापमान ओळखायचा पाय असतो, पण स्वस्त मोड्यूलमध्ये तो सरळ ग्राउंडला जोडलेला असतो. म्हणजे सेल कितीही तापला तरी ते थांबणार नाही. त्यामुळे उन्हाळ्यात पहाटे चार्ज करा, सायकल उन्हात ठेवताना सेल काढून खिशात घ्या, आणि सुटा सेल किल्ल्यांबरोबर ठेवू नका.

ज्यांना ही कटकट नको त्यांनी सरळ तयार लाईट घ्यावा. पावसासाठी निदान आयपीएक्स४ (पाण्याचे शिंतोडे सोसण्याचं माप) लिहिलेलं बघा. घरी बनवलेल्या डब्यात जुलैमध्ये पाणी शिरतंच.

वायरमन (धुळे)

पाणी शिरतं ते तयार लाईटमध्येही. चार्जिंगच्या भोकावरचं रबर एका मोसमात ढिलं पडतं, आणि मग तो लाईट उघडून दुरुस्त करता येत नाही. माझा येतो. सेलचं मान्य, लॅपटॉपचे सेल मीही वापरत नाही.

जुना डायनॅमो

कोणी डायनॅमोचं नावच घेईना. ६ व्होल्ट, ३ वॅट. सेल नको, चार्जिंग नको, ४५ अंशांची भीती नको. दिवा नसला तर पोलीस सायकल अडवायचे आणि नगरपालिकेचा बिल्ला लागायचा तो काळ आम्ही पाहिला आहे. तेव्हा टायरला घासणारा डायनॅमो पाय भरून आणायचा हे खरं, पण आता त्याच तीन वॅटवर एलईडी लावला तर जुन्या बल्बच्या कितीतरी पट उजेड मिळतो.

शिरपूरकर

काका, थांबलं की दिवा विझतो. चौफुलीवर उभं राहायचं अंधारात? थांबल्यावरही जळणारे दिवे आणि हबमधले डायनॅमो येतात, पण ते शोधा, चाक नव्याने बांधा. ब्रेव्हेवाल्यांना (ठरलेल्या वेळेत लांब पल्ला सायकलने गाठणाऱ्यांना) परवडेल, ६०० किलोमीटरला ४० तास मिळतात, एक रात्र तरी रस्त्यावर जाते. रोजच्या वापराला नाही.

रातपाळी (भुसावळ)

सगळं वाचलं. आपल्या जिल्ह्यात रात्री सायकलवर नक्की कोण असतं? हेल्मेटवाले तुम्ही मूठभर. बाकी एमआयडीसीतून पाळी संपवून निघालेला माणूस, शेतीची लाईट रात्रीची आहे म्हणून पाणी भरायला निघालेला सालदार, पहाटेचा दूधवाला. त्यांच्या सायकलला ना तुमचा कापलेला झोत, ना हजार लुमेन. काहींच्या तोंडात मोबाईल धरलेला असतो, त्याच्याच उजेडात चालवतात. त्यांच्यासाठी काय, ते सांगा.

माझं उत्तर रेडियम. मागच्या मडगार्डला लाल, पुढे पांढरं, आणि पेडलला दोन्ही बाजूंनी. पेडल वर-खाली होतं, त्यामुळे मागून येणाऱ्याला लांबूनच कळतं की माणूस पाय मारतोय. नुसता लाल ठिपका दगडाचा की खांबाचा, हे कळत नाही. पण रेडियमवाल्याकडून नंबरप्लेटचं साधं रंगीत स्टिकर आणू नका, ते दिवसा चमकतं, रात्री नाही. ट्रकच्या मागे असतो तो मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या जाळीचा घ्या. मोबाईलचा टॉर्च डोळ्याजवळ धरून दहा पावलांवरून बघा. जो झगकन उठतो तो खरा.

याला सेल लागत नाही, चोर नेत नाही, पावसात बिघडत नाही. हजारो रुपयांचे लाईट विकत घेणाऱ्यांनी आपल्या कारखान्यातल्या पाच सायकलींना टेप लावून दाखवावी, मग लुमेनवर बोलावं.

गिरणाकाठ

टेपबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के. फक्त टेपवर भिस्त ठेवायला मात्र माझा विरोध. समोरच्याचा दिवा तिच्यावर पडला तरच टेप दिसते. एक हेडलाईट गेलेली जीप, दिवाच नसलेला ट्रॅक्टर, आडवाटेने आलेली मोटारसायकल, यांच्यासाठी तुम्ही अदृश्यच. मागे स्वतः जळणारा लाल दिवा हवाच. तो अगदी लहान असला तरी चालतो, लाल एलईडी फार वीज खात नाही.

आणि तो स्थिर जळणारा हवा, लुकलुकणारा नाही. लुकलुकणारा लक्ष वेधतो, पण अंतराचा अंदाज येऊ देत नाही. दिसला, गेला, पुन्हा दिसला, तेवढ्यात गाडी किती जवळ आली? जर्मनीत सायकलवर लुकलुकणारा दिवा लावायला परवानगीच नाही.

शिरपूरकर

परत जर्मनी! हायवेच्या कडेला धाब्यांचे दिवे, टायरवाल्यांचे दिवे, ट्रकच्या मागच्या माळा. त्यात एक स्थिर लाल ठिपका हरवतो. लुकलुकणारा निदान वेगळा दिसतो. संध्याकाळच्या संधिप्रकाशात तर मी तोच लावणार.

केळीच्या बागेतून (सावदा)

दोन्ही लावा ना. सीटखाली स्थिर, पाठीवरच्या पिशवीला लुकलुकणारा. फक्त पिशवीचा लोंबून आकाशाकडे बघत नाही ना, हे मागच्याला विचारा. रातपाळी दादा, पेडलचं तुमचं बरोबर. आमच्याकडे केळी कापणीच्या टोळ्या पहाटे सायकलींवर निघतात, त्यांच्यासाठी टेपचा एक रोल मी घेते. जळगावला ती जाळीची टेप मीटरवर मिळते का, की पूर्ण रोलच घ्यावा लागतो?

रातपाळी (भुसावळ)

ताई, ट्रकचं सामान विकणाऱ्या दुकानात विचारा, फुटकळही कापून देतात. लावायच्या आधी मडगार्डवरचं तेल रॉकेलने नाहीतर थिनरने पुसा, नाहीतर पहिल्या पावसात सुटते.

शिरपूरकर

टेप मीही लावतो. हजार लुमेन मात्र सोडणार नाही. समोरून कोणी आलं की हाताने झाकीन, एवढं गिरणाकाठ दादांसाठी.

गिरणाकाठ

एका हाताने घाट उतरणार? त्यापेक्षा लाईट दोन बोटं खाली वाकवा. झोताचा मधला भाग १०-१२ मीटरवर डांबराला टेकला पाहिजे. भिंतीसमोर सायकल उभी करून तपासा, झोताचा मधोमध लाईटच्या उंचीच्या खालीच पडायला हवा.