अनुभव लिहा: कुणाला ‘कामापुरतं इंग्रजी’ शिकवलंय का?

रानजाई:
काल बँकेत एका आजींनी पैसे काढायची स्लिप पुढे केली. “बाई, एवढं भरून देता का? चष्मा घरी राहिला.” चष्मा गळ्यात दोरीला लटकत होता. मी मुकाट्याने भरून दिली, पण घरी येईपर्यंत डोक्यात आमचा २००४ सालचा बचतगटाचा वर्ग.

गुरुवारी दुपारी, समाजमंदिरात, अकरा बायका. मराठी सगळ्यांना येत होतं. हवं होतं ते इंग्रजीत नाव, पत्ता आणि रक्कम अक्षरी. पहिल्या दिवशी फळ्यावर एकीचं नाव इंग्रजीत लिहिलं. सगळ्यांनी उतरवलं आणि शेवटी सवयीने वरून एक लांब रेघ ओढली. शिरोरेषा! टी आणि आयची टोपी त्या रेघेत गडप. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आपली अक्षरं वरच्या रेघेला टांगलेली असतात, इंग्रजी खालच्या रेघेवर बसतात. मग चाररेघी वहीतली तिसरी रेघ लाल पेनने गडद केली. “ही बसायची रेघ.” तरी छोट्या जी आणि वायचे पाय खाली सोडायला आणखी दोन गुरुवार गेले. एवढं करून बँकेच्या फॉर्मात चौकोन, तिथे लागतात कॅपिटल! छोटी लिपी आधी शिकवलीच नसती तर चाललं असतं, हे शहाणपण तिसऱ्या महिन्यात सुचलं.

लिहा तुमचेही. कुकर लावलाय, येते.

झंप्या:
चष्मा घरी राहिला 😀 आमचे आजोबा ‘उजेड कमी आहे’ म्हणायचे. भर दुपारी.

मृद्गंध:
स्पेलिंगचं काय केलंत? आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या ताईंच्या नावात आधारवर डबल ई, पासबुकावर आय. मी शहाणपणा करून ‘बरोबर’ स्पेलिंग शिकवलं, म्हणजे तिसरंच. फॉर्म परत आला. तेव्हापासून एकच नियम, आधारवर जे असेल ते बरोबर. चुकीचं असलं तरी बरोबर.

तात्या७१:
मी बँकेतच होतो हो, आता निवृत्त. चेकवर चाळीस लिहिताना दहातले सहा जण एफ ओ यू आर टी वाय लिहायचे. फोरमध्ये यू आहे, फोर्टीनमध्ये आहे, फोर्टीतच कुठे गेला? एका शेतकरीदादांनी विचारलं तेव्हा म्हटलं, “व्याजात कापला.” ते अजून भेटले की विचारतात, यू परत आला का. बाकी आडनाव आधी की नाव आधी यावर मी अख्खी पुरवणी लिहू शकतो, पण आत्ता नातवाला आणायला निघालोय.

कोकम_सरबत:
हसू नका पण आमच्या बाबांनी कानाचे थेंब डोळ्यात घातले होते. दोन्ही शब्द तीन अक्षरी, दोन्ही ईपासून. डोळा लालभडक, रात्री अकराला डॉक्टर. नशीब, निभावलं. आता मी खोक्यावर स्केचपेनने कान काढून ठेवते. एक्सपायरीची तारीख मात्र त्यांना वाचता येते, आणि ती ते फक्त माझ्या लोणच्यावर शोधतात.

मृद्गंध:
कोकम, बापरे! आता बरे आहेत ना? (लोणचं कसलं?)

कोकम_सरबत:
ठणठणीत. ओल्या हळदीचं.

शाळाबाई:
२००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा मी जिल्हा परिषदेच्या शाळेत. माझं स्वतःचं इंग्रजी पाचवीपासूनचं, तेही परीक्षेपुरतं. रात्री घरी पाठ करायचं आणि सकाळी शिकवायचं. पण सांगायचंय वेगळंच. गावातल्या एका मदतनीस बाईंना रजेचा अर्ज इंग्रजीत हवा होता. मी आपला साचा दिला, ‘आय बेग टू स्टेट’. त्यांनी बेगचा अर्थ विचारला. सांगितला. म्हणाल्या, “भीक कशाला? हक्काची रजा हाय.” ते वाक्य खोडलं. अर्ज दोन ओळींत संपला आणि मंजूरही झाला. माझ्या बी.एड.मध्ये हे कुणी शिकवलं नव्हतं.

तात्या७१:
शाळाबाई, तुम्ही तासगावकडच्या का? हा ‘हाय’ ओळखीचा वाटतो.

शाळाबाई:
विट्याची. जवळच की!

पणजीकर:
आमच्याकडे वेगळीच गंमत. ओळखीच्या टॅक्सीवाल्यांना विमानतळावर धरायच्या पाट्या लिहायला शिकवत होतो. एक काका लहानपणापासून रोमी, म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहिलेली, कोंकणी वाचणारे. त्यात एक्स म्हणजे श. त्यामुळे अक्षर ओळख झक्कास, पण ‘एक्झिट’चा उच्चार ‘एशीट’. ज्यांना लिपी नवीन ते पटकन शिकले. काकांना आधी येणारं विसरावं लागलं. मी हसलो तर म्हणाले, “आमचो एक्स आदलो.” म्हणजे आमचा एक्स आधीचा. यावर काय बोलणार!

झंप्या:
एशीट 😀😀 आजपासून आमच्या ऑफिसात हेच.

यारापल्याड:
मेलबर्नहून. आई इथे कायमची आली तेव्हा सरकारी इंग्रजी वर्गात घातली. पूर्वी ५१० तासांची मर्यादा होती, २०२१ मध्ये ती उठवली. तिथे बरंच शिकली, पण बिलं वाचायला माझ्याकडेच. बिल काढल्याची तारीख आणि भरायची शेवटची तारीख, यात रोज गोंधळ. शेवटी एकीला हिरवं, दुसरीला लाल अधोरेखित करून महिनाभर फ्रीजवर लावलं. वीजवाल्यांच्या पत्रात ‘डिअर’ वाचून लाजली होती. “मेला ओळखीचा ना पाळखीचा!”

रानजाई:
कुकर विसरले, डाळीचा लगदा झालाय. यारापल्याड, आईंना नमस्कार सांगा. शाळाबाई, तुमच्या बाईंची गोष्ट आमच्या गटात सांगणार आहे.

मृद्गंध:
मोठ्या रेघांची चाररेघी वही कुठे मिळते? सासूबाईंना हवीय, पण कुणासाठी ते दुकानात सांगायचं नाही अशी अट आहे.

रानजाई:
बालवाडीची मागा, त्यात रेघा मोठ्या असतात. आणि आणल्या आणल्या कव्हर घाला. मुखपृष्ठावर ससा होता म्हणून आमच्या बायका वही पदराखाली लपवून आणायच्या.