पत्राचा कागद माझा, मजकूर कुणाचा?

सांजवात: ‘पत्र ज्याच्या कपाटात, त्याने खुशाल छापावं; लेखक गेला की खाजगी काही उरत नाही,’ असं काल इथे कुणीतरी ठणकावलं. साफ चूक! कागद तुमचा, मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा. इंग्लंडात 1741 सालीच कवी पोप विरुद्ध प्रकाशक कर्ल या खटल्यात हे ठरलं. अमेरिकन कादंबरीकार सॅलिंजरची पत्रं विद्यापीठांच्या ग्रंथालयांत वाचायला मिळत होती, तरी 1987 साली अमेरिकन कोर्टाने ती चरित्रात वापरू दिली नाहीत.

जुनाबाजार: पुढचंही सांगा. 1992 साली तिथला कायदा बदलला. निव्वळ अप्रकाशित म्हणून वापर गैर ठरत नाही. आणि कथाकार जी. ए. कुलकर्णींची पत्रं छापलीच नसती तर? माणसं टाळणारा तो लेखक पत्रांतच मोकळा झाला.

सांजवात: त्यांतली निवडकच छापली. तुम्ही सरसकट म्हणताय.

वऱ्हाडी: निवडणार कोण, वारस? माझ्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण वारसांनी अडवलं. ज्यांनी आजोबांची एक कविता वाचली नाही, ते हक्क सांगतात!

वकीलसाहेब: आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 बघा. संशोधनासाठी, समीक्षेसाठी उचित वापराला मुभा आहे.

वऱ्हाडी: कलम तोंडपाठ आहे हो. नोटिशीच्या भीतीने गाइडनेच हात वर केले, तिथे कलम काय करणार? आणि मरणोत्तर छापलेल्या मजकुराची 60 वर्षं प्रकाशनापासून मोजतात. म्हणजे पत्रं दाबून ठेवली की हक्कही संपत नाही!

वकीलसाहेब: कलम 24. हो, तेवढं बरोबर आहे तुमचं.

जुनाबाजार: वारस निदान पत्रं जपतात तरी. आमच्या मामांनी ट्रंकभर पत्रं रद्दीत घातली. त्यात एका नामवंत समीक्षकाची होती.

वऱ्हाडी: जपतात? कुलपात सडवतात!

मैथिली: लेखक, वारस, संशोधक सगळे बोलले. पत्रात जिच्याबद्दल लिहिलंय तिचं काय? एका छापील पत्रात माझ्या आत्याच्या मोडलेल्या लग्नाची चर्चा आहे, नावानिशी. आत्या हयात आहे. कॉपीराइट लिहिणाऱ्याला मिळतो, तिला नाही.

जुनाबाजार: मग साहित्याचा इतिहास लिहायचाच नाही का?

मैथिली: लिहा की. तिचं नाव गाळून इतिहासाचं काय बिघडलं असतं?

जुनाबाजार: हयात माणसांची नावं गाळावीत, एवढं मान्य. त्यापलीकडे एक ओळही नाही.

सांजवात: आणि परवानगी?

जुनाबाजार: ती मागेन. नकार आला तर इथे येऊन भांडेन.