साडेपाच किलोच्या सिनेमा रिगसाठी ट्रायपॉड: पैसे आधी पायांत घालायचे की हेडमध्ये?

गोदाकाठ_फ्रेम्स
सोनी एफएक्स६ कॅमेरा, फुजिनॉन एमके १८-५५ लेन्स, केज, मॉनिटर, फॉलो फोकस आणि व्ही-माउंट बॅटरी धरून रिग साडेपाच किलोच्या घरात जाते. कामं तीन प्रकारची: २०२७ च्या सिंहस्थात रामकुंड आणि कुशावर्तावरचं चित्रण, दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत मुलाखती, आणि हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला २००-६०० मिमीची लांब लेन्स लावून पक्षी. पाय आणि हेड (कॅमेरा धरून फिरवणारा वरचा भाग) मिळून पावणेदोन लाखांपर्यंत जाता येईल. माझं मत असं की दोन तृतीयांश पैसे हेडला द्यावेत, पाय साधे ७५ मिमी बाऊलचे (बाऊल म्हणजे हेड बसायची वाटी) ॲल्युमिनियमचे चालतील. कुणाला हे चुकीचं वाटत असेल तर कारणासकट सांगा.

त्र्यंबक_डीओपी
मी उलट सांगेन, पाय आधी. फुल फ्रेमवर ६०० मिमीला आडवी चौकट जेमतेम ३.४ अंशांची असते आणि यूएचडीत तेवढ्यात ३८४० पिक्सेल बसतात. म्हणजे पाय ०.१ अंशाने पिळले तरी चित्र सुमारे ११० पिक्सेल सरकतं. तोच पीळ २४ मिमीला चार-पाच पिक्सेलचा, कुणाला दिसतही नाही. त्यामुळे बागेतल्या मुलाखतीत निर्धास्त वाटणारे पाय नांदूरला गेल्यावर उघडे पडतात, आणि लोक दोष हेडला देतात.

दुकानात हे तपासता येतं. पाय पूर्ण उंच करा, लांब लेन्स लावून रस्त्यापलीकडची एखादी पाटी चौकटीत धरा, पॅन (हेडचं डावी-उजवीकडे फिरणं) लॉक करा. आता पॅनचा दांडा बोटाने आडवा दाबून सोडा. चित्र सरकलं आणि जागेवर परत आलं तर बहुतेक पाय पिळतायत. सरकलं आणि परत आलंच नाही तर लॉक घसरतोय किंवा कॅमेऱ्याखालची प्लेट फिरतेय. फोटोवाल्यांचा मधला उभा दांडा असलेला ट्रायपॉड तर या कामाला घेऊच नका, त्या दांड्यात सगळी ताठरता जाते.

पॅन_टिल्ट
११० पिक्सेलचा हिशोब मान्य, पण तो थांबलेल्या कॅमेऱ्याचा झाला. हलत्या शॉटचं काय? सेकंदाला २४ फ्रेम असताना एखादी वस्तू चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला साधारण सात सेकंद लागावेत, नाहीतर चित्र थरथरतं, हा जुना ठोकताळा आहे. ६०० मिमीला तो लावला तर पॅनचा वेग येतो सेकंदाला अर्धा अंश. एवढ्या सावकाश फिरताना स्वस्त हेड आधी अडकतं, मग उडी मारतं. ग्रीस लावलेल्या चकत्या एकमेकींवर घासून ड्रॅग (हेड फिरवताना मिळणारा विरोध) तयार होत असेल तर हे होणारच. तिथे कार्बन फायबरचे ताठ पाय काहीही मदत करत नाहीत.

दुसरं, डब्यावरच्या पेलोडवर हेड निवडू नका. पेलोड म्हणजे हेड तेवढं वजन झेलेल, एवढंच. मॅनफ्रोटो ५०२ चा पेलोड ७ किलो आहे, पण काउंटरबॅलन्स (वाकलेला कॅमेरा तोलून धरणारा जोर) ४ किलोला कायमचा बसवलेला, बदलता येत नाही. साडेपाच किलोची रिग त्यावर टिल्ट करून (पुढे वाकवून) हात सोडला की नाक खाली जाणार.

वजनाइतकीच उंचीही महत्त्वाची. ५ किलोचा गुरुत्वमध्य प्लेटपासून १०० मिमीऐवजी १५० मिमीवर गेला तर काउंटरबॅलन्स दीडपट लागतो, म्हणजे हेडच्या दृष्टीने ती रिग साडेसात किलोची झाली. मॉनिटर टॉप हँडलवरून काढून बाजूला खाली लावला, बॅटरी मागे सरळ रेषेत घेतली, तर हेच हेड पुन्हा पुरतं. खरेदीआधी कंपनीचा वजन-उंचीचा तक्ता मागून घ्या. पायऱ्यांऐवजी सलग जुळणारा काउंटरबॅलन्स हवा असेल तर मॅनफ्रोटोचंच नायट्रोटेक ६०८ ० ते ८ किलोपर्यंत देतं. मात्र त्याचा तळ सपाट, ३/८ इंची स्क्रूचा आहे. बाऊलमध्ये बसवायला अर्धगोल वेगळा घ्यावा लागतो, तो खर्च आधीच धरा.

निफाडची_थंडी
नांदूरचं काम डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेचं असणार आणि निफाडकडे तेव्हा पारा एक आकडी असतो. थंडीत हेडमधलं ड्रॅग देणारं द्रव घट्ट होतं, सुरुवातीचे पॅन जड आणि ओढल्यासारखे येतात. ड्रॅग सगळ्यात जास्त ठेवून पॅन आणि टिल्ट दोन्ही पंधरा-वीस वेळा पूर्ण फिरवा, मग हव्या त्या ड्रॅगवर या. ऊन वर आलं की हेड पुन्हा हलकं होईल, तेव्हा नऊच्या सुमाराला ड्रॅग परत तपासा.

लांब लेन्सवर प्लेट लेन्सच्या कॉलरला (लेन्सभोवतीच्या कड्याला) लावायची, कॅमेऱ्याला नाही. त्यामुळे तोल साफ बदलतो, म्हणून लांब सरकणारी प्लेट लागेल. दोन स्क्रू किंवा एक स्क्रू आणि एक पिन, यापेक्षा कमी चालणार नाही. एकाच स्क्रूवर लेन्स हळूहळू फिरते आणि वर म्हटलेला दोष पायांवर येतो.

त्र्यंबक_डीओपी
@पॅन_टिल्ट, रामकुंडाच्या पायऱ्या विसरलात. साध्या ॲल्युमिनियमच्या पायांना टोकाला अणकुचीदार खिळे असतात आणि दगडावर त्यांना जमिनीवरचा स्प्रेडर (पाय फाकू न देणारी जोडणी) लागतोच. तो स्प्रेडर पायऱ्यांवर सपाट बसत नाही. ओल्या दगडावर तर अख्खा ट्रायपॉड घसरतो. इथे मधला स्प्रेडर आणि रबरी पाय हवेत, किंवा फ्लोटेकसारखे पाय, ज्यांचा कोन वरच लॉक होतो आणि स्प्रेडर काढला तरी ते फाकत नाहीत. शिवाय त्यांच्या टप्पे सोडायच्या कड्याही वरच्या टोकाला, चिखलात वाकावं लागत नाही. फ्लोटेक ७५ चा पेलोड २० किलो आहे, उद्या कॅमेरा बदलला तरी पाय तेच राहतील. चांगले पाय तीन कॅमेरे आणि दोन हेडं बघतात.

ग्रिप_सिडको
दोघांशीही सहमत नाही. या बजेटमध्ये नव्याच्या मागे लागूच नका. मुंबईत टीव्हीच्या कामातून निघालेले १०० मिमी बाऊलचे दोन टप्प्यांचे जुने सेट मिळतात, त्यांची ताठरता नव्या हलक्या ७५ च्या सेटमध्ये या पैशांत येत नाही. बाऊल मोठा म्हणून ते ताठ असतात असं नाही. जाड नळ्या, दुहेरी पाय आणि वरच्या सांध्यांची घट्ट बसण, हे खरं कारण. १०० च्या बाऊलमध्ये रिंग टाकून ७५ चं हेड बसतं. उलट होत नाही. म्हणून पाय १०० चे घेतले की पुढचे दोन्ही रस्ते उघडे राहतात.

जुनं हेड बघताना: ड्रॅग शून्यावर असताना ते दोन्ही दिशांना मोकळं फिरलं पाहिजे. मग एकेक पायरी वाढवा, प्रत्येक पायरीला फरक जाणवला पाहिजे आणि डावीकडे-उजवीकडे सारखाच. एखादी पायरी पोकळ लागली तर आतलं द्रव गेलंय. सांध्यांवरून बोट फिरवा, तेलकट थर लागला तर गळती आहे. टिल्टचा लॉक लावून प्लेट हलवा, टकटक वाजलं तर सोडून द्या. अर्धवट आवळलेला लॉक ड्रॅग म्हणून वापरणाऱ्यांनी हेडं खराब केलेली असतात, त्यांच्या लॉकचा पॅड झिजून गुळगुळीत होतो.

पंचवटी_एसी
ग्रिपदादा, तुमचा सेट साडेनऊ-दहा किलोचा. पर्वणीच्या दिवशी गाडी कुठे लांब अडवतील ते कोण सांगणार? तिथून रिग, लेन्स, बॅटऱ्या आणि हा सेट घेऊन गर्दीतून चालत घाटापर्यंत जायचं आहे. दोन माणसांच्या युनिटला ते झेपणार नाही आणि मग ट्रायपॉड गाडीतच राहील. शिवाय गर्दीत लाकडी मचाणावर उभं राहिलात तर १०० चा असो की १५० चा, फळी हलते तेव्हा सगळं हलतं. कॅमेऱ्याचे पाय वेगळ्या फळीवर आणि माणसं वेगळ्या फळीवर, किंवा पाय थेट दगडावर, हाच उपाय.

माझं मत पॅन_टिल्टच्या बाजूचं आहे, पण वेगळ्या कारणाने: निम्मे लोक हेडचा तोल न लावताच पाय आणि हेडवर भांडतात. आधी बाऊलचा बुडबुडा मध्यावर. ड्रॅग शून्य, काउंटरबॅलन्स शून्य. लेन्स, बॅटरी, मॅटबॉक्स सगळं लावलेलं असताना प्लेट पुढे-मागे सरकवून रिग आडवी स्थिर करा. मग काउंटरबॅलन्स वाढवत जा. ३० अंश खाली वाकवून हात सोडला आणि ती आणखी खाली गेली तर कमी पडतोय, उसळून वर आली तर जास्त झालाय. तिथेच थांबली की ड्रॅग लावा. झूमची नळी बाहेर आली किंवा बॅटरी बदलली की प्लेट पुन्हा बघा.

आणि कॅमेरा उतरवण्याआधी हेड आडवं करून टिल्ट लॉक, हे कधीही चुकवू नका. पूर्ण काउंटरबॅलन्सवर वाकलेल्या हेडवरून रिग काढली तर हेड झटक्यात उसळतं, बोटं आणि हनुवटी दोन्ही फुटतात.

ग्रिप_सिडको
ताई, वजनाचा मुद्दा घाटापुरता बरोबर. नांदूरला आणि दिंडोरीला गाडी जवळ जाते, तिथे माझाच सेट. सिंहस्थाच्या दिवसांपुरते हलके पाय भाड्याने घ्या.

त्र्यंबक_डीओपी
सिंहस्थाच्या दिवसांत भाड्याने? तेव्हा हलका ट्रायपॉड सगळ्यांनाच हवा असेल. ज्या कामाला पुन्हा संधी नाही, त्याचं सामान स्वतःचं असावं.

गोदाकाठ_फ्रेम्स
हेडबद्दल माझं मत कायम आहे, पण ॲल्युमिनियमच्या पायांचा हट्ट सोडतोय. पायऱ्यांवरच्या स्प्रेडरचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. आता विचार असा: कोन लॉक होणारे नवे ७५ चे पाय, वर जुनं पण तपासलेलं, पायरीपायरीने ड्रॅग बदलणारं द्रवाचं हेड. शाहीस्नानं ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे भर पावसात. कार्बनच्या पायांना गाळाचं काय करायचं?

त्र्यंबक_डीओपी
पाण्याने कार्बनला काही होत नाही, गाळातली वाळू कड्यांत शिरते ती वाईट. चिखलात असताना पाय आत ओढू नका, वाळू सोबत जाते. खालचा टप्पा आधी थोडा बाहेर राहू दे, कॅनमधल्या स्वच्छ पाण्याने धुवा, फडक्याने पुसा, मगच बंद करा. हॉटेलवर किंवा घरी आल्यावर सगळे टप्पे पूर्ण उघडून रात्रभर उभे ठेवा. हेडवर मात्र पाण्याची धार मारायची नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. आणि जुनं हेड घेताना त्याचा बाऊल ७५ चाच आहे ना ते पाहा, जुन्या चांगल्या हेडांपैकी बरीच १०० ची असतात आणि ती तुमच्या पायांत बसणार नाहीत.